तटस्थतेच्या आडून मोठे झालेले राष्ट्र

माझी भाची सध्या स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी ठाण्यात आमच्याकडे राहते आहे. तिची जगाच्या इतिहासाची टिपणे चाळताना मला एक गोष्ट खटकली. अमेरिकेच्या सुरुवातीच्या परराष्ट्र धोरणासाठी तिने दोन वेगळी पाने केली होती. एका पानावर वॉशिंग्टनची तटस्थता होती, तर दुसऱ्यावर लुईझियानाची खरेदी, फ्लोरिडा आणि पश्चिमेकडचा विस्तार. तिचा प्रश्नही या मांडणीतूनच आला होता. "मावशी, दुसऱ्यांच्या भांडणात पडायचे नाही असे जो देश १७९३ मध्ये ठरवतो, तोच १८०३ मध्ये जवळजवळ दुप्पट कसा होतो? मग त्यांनी तटस्थता सोडली केव्हा?"

त्यांनी ती सोडली नाही, असे माझे उत्तर आहे. अनेक वर्षे इतिहास शिकवल्यानंतर माझे असे ठाम मत झाले आहे की युरोपबाबतची तटस्थता आणि खंडावरचा विस्तार हे एकाच धोरणाचे दोन भाग होते. पहिल्या भागाने दुसऱ्यासाठी वेळ, पैसा आणि मोकळीक मिळवून दिली. त्या मोकळीकीची किंमत मात्र अशा लोकांनी मोजली, ज्यांच्याशी तटस्थपणे वागावे असा विचार फिलाडेल्फियात किंवा वॉशिंग्टनमध्ये कोणी गंभीरपणे केलाच नाही.

सुरुवात १७९३ पासून करू. जानेवारीत फ्रान्सच्या सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला आणि १ फेब्रुवारीला क्रांतिकारी फ्रान्सने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले. अमेरिकेपुढचा पेच खरा होता. स्वातंत्र्ययुद्ध ज्या मदतीच्या बळावर जिंकले, ती १७७८ च्या फ्रेंच मैत्रीच्या तहातून आली होती आणि त्याच तहाने अमेरिकेने फ्रान्सच्या वेस्ट इंडीजमधील वसाहतींची हमी घेतली होती. दुसऱ्या बाजूला संघराज्याच्या तिजोरीत येणारा बहुतेक पैसा आयात मालावरच्या जकातीचा होता आणि तो माल प्रामुख्याने ब्रिटनमधून येत असे. अर्थमंत्री हॅमिल्टन यांना ब्रिटनशी बिघाड परवडणारा नव्हता. परराष्ट्र सचिव जेफरसन यांना फ्रान्सशी केलेला तह मोडणे मान्य नव्हते. तरीही युद्धात उतरू नये यावर दोघांचे एकमत झाले आणि २२ एप्रिल १७९३ रोजी वॉशिंग्टनने दोन्ही पक्षांशी स्नेहाचे आणि निःपक्षपाती वर्तन ठेवण्याची घोषणा केली.

या घोषणेची पहिली कसोटी लागली ती फ्रान्सचे नवे राजदूत एदमों जेने यांच्यामुळे. एप्रिलमध्ये चार्ल्स्टनला उतरताच त्यांनी अमेरिकी बंदरांतून ब्रिटिश व्यापारी जहाजे लुटण्यासाठी खासगी जहाजांना परवाने वाटायला सुरुवात केली. ही गोष्ट सर्वच पुस्तकांत येते. तिच्याइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट मात्र सहसा मागे पडते. जेने यांनी केंटकीतील माजी सेनानी जॉर्ज रॉजर्स क्लार्क यांना हाताशी धरून स्पेनच्या ताब्यातील लुईझियानावर स्वारी करण्याची आखणी केली होती. केंटकीच्या वसाहतवाल्यांना ती हवीच होती, कारण त्यांचे धान्य, डुकराचे मांस आणि तंबाखू मिसिसिपी नदीने न्यू ऑर्लिन्सला उतरल्याशिवाय बाजार गाठत नसे आणि नदीचे मुख स्पेनच्या हाती होते. वॉशिंग्टनच्या सरकारने ही स्वारी दडपली आणि जून १७९४ च्या तटस्थता कायद्याने अमेरिकेच्या भूमीवरून मित्रराष्ट्राविरुद्ध खासगी मोहीम काढणे हा गुन्हा ठरवला. वरवर पाहता हा विस्ताराला घातलेला लगाम दिसतो. प्रत्यक्षात या कायद्याने विस्ताराची वेळ आणि पद्धत ठरवण्याचा अधिकार सीमेवरच्या बंदूकधाऱ्यांकडून काढून केंद्र सरकारकडे आणला. लुईझियाना घ्यायचे की नाही, हा प्रश्न त्यात मिटलेला नव्हता.

पुढच्या वर्षभरात काय घडले ते सलग पाहिले म्हणजे माझा मुद्दा स्पष्ट होईल. १९ नोव्हेंबर १७९४ रोजी अमेरिकेचे वकील जॉन जे यांनी लंडनमध्ये ब्रिटनशी तह केला. त्यात अमेरिकी जहाजांच्या हक्कांबद्दल फारसे काही मिळाले नाही, आणि त्याबद्दल जे यांचे पुतळे गावोगाव जाळले गेले. सिनेटने तो तह २० विरुद्ध १० अशा जेमतेम दोन तृतीयांश मतांनी मान्य केला. त्याच्या तेराव्या कलमाने अमेरिकी जहाजांना हिंदुस्थानातील ब्रिटिश बंदरांशी थेट व्यापाराची मुभा मिळाली. मुंबईच्या परिसरात राहणाऱ्या वाचकाला हे कलम जवळचे वाटेल. पण तहाचा खरा लाभ होता तो उत्तरेच्या सरोवरांकाठी. डेट्रॉइट, नायगरा यांसारखे जे किल्ले स्वातंत्र्ययुद्ध संपवणाऱ्या १७८३ च्या तहानंतरही ब्रिटिशांनी सोडले नव्हते, ते १ जून १७९६ पर्यंत रिकामे करण्याचे त्यांनी मान्य केले.

हे किल्ले का महत्त्वाचे होते? ओहायो नदीच्या उत्तरेकडील मायामी, शॉनी, डेलावेअर इत्यादी मूळ रहिवाशांच्या संघाला दारूगोळा आणि आधार तिथूनच मिळत असे. या संघाने नोव्हेंबर १७९१ मध्ये जनरल सेंट क्लेअर यांच्या फौजेचा असा पराभव केला होता की एका सकाळी सहाशेहून अधिक अमेरिकी सैनिक मारले गेले. मूळ रहिवाशांच्या हातून अमेरिकी सैन्याचा इतका मोठा पराभव पुढे कधी झाला नाही. २० ऑगस्ट १७९४ रोजी फॉलन टिंबर्सच्या लढाईत अमेरिकी जनरल अँथनी वेन यांनी या संघाला मागे रेटले आणि माघार घेणारे योद्धे जवळच्या ब्रिटिश किल्ल्याकडे धावले, तेव्हा ब्रिटिशांनी दरवाजे लावून घेतले. अमेरिकेशी युद्ध नको, हा लंडनचा निर्णय त्या बंद दरवाजातून त्यांना कळला. ऑगस्ट १७९५ मध्ये ग्रीनव्हिल येथे झालेल्या तहात आजच्या ओहायो राज्याचा बहुतांश प्रदेश त्यांना द्यावा लागला. मोबदल्यात वीस हजार डॉलरचा माल आणि दरसाल साडेनऊ हजार डॉलरचा माल एवढे ठरले. अमेरिका आणि ब्रिटन एक होतील या भीतीने स्पेनही नरमला, आणि ऑक्टोबर १७९५ मध्ये त्याने अमेरिकेचे वकील पिंकनी यांच्याशी केलेल्या तहात मिसिसिपीची वाहतूक व न्यू ऑर्लिन्सला माल उतरवण्याचा हक्क दिला. म्हणजे युरोपच्या युद्धात एकही गोळी न झाडता अमेरिकेने एका वर्षाच्या आत वायव्येची जमीन, सरोवरांचे किल्ले आणि नैर्ऋत्येची नदी मिळवली. सप्टेंबर १७९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरोपाच्या पत्रात वॉशिंग्टनने कायमच्या राजकीय युती टाळण्याचा सल्ला दिला, तो हा अनुभव गाठीशी बांधून. त्या पत्रातील युक्तिवाद काळाबद्दलचा आहे: आपण एकसंध राहिलो तर अशी वेळ दूर नाही की आपली तटस्थता इतरांना पाळावी लागेल आणि शांतता की युद्ध हे आपण आपल्या हितानुसार ठरवू. त्याला तत्त्वज्ञानाचा दर्जा देऊन उद्धृत करणाऱ्यांनी हा हिशेब नजरेआड करू नये.

इथे थोडे आपल्याकडे वळावेसे वाटते, कारण ठाण्यात राहून हा इतिहास वाचताना दोन्ही कालपट शेजारी दिसू लागतात. ठाण्याचा किल्ला, जिथे आज मध्यवर्ती कारागृह आहे, इंग्रजांनी मराठ्यांकडून घेतला तो डिसेंबर १७७४ मध्ये. त्यानंतर चार महिन्यांच्या आत लेक्सिंग्टनला अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी सुटली. युरोपातील फ्रान्स आणि ब्रिटनच्या वैराचा लाभ उठवण्याची संधी अमेरिकेप्रमाणे पुण्याच्या दरबारालाही होती आणि नाना फडणवीसांसारख्या मुत्सद्द्याला ती दिसतही होती. फरक पडला तो राज्याच्या घडणीत. अमेरिकी राज्यांनी १७८७ च्या संविधानात परराष्ट्रांशी तह करण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवला नाही, तो संघाकडे सोपवला. न्यू यॉर्क ब्रिटनशी आणि व्हर्जिनिया फ्रान्सशी स्वतंत्र करार करू शकत नव्हते. मराठी राज्यात मात्र पेशवे, शिंदे, होळकर, भोसले आणि गायकवाड यांचे वकील वेगवेगळे बोलत होते आणि कंपनीने एकेकाशी वेगळा तह केला. अनेक तोंडांनी बोलणारी सत्ता तटस्थ राहू शकत नाही, कारण तिच्यातील कोणता तरी एक भाग कुणाच्या तरी बाजूने आधीच गेलेला असतो.

होळकरांकडून पराभव झाल्यावर दुसरे बाजीराव पुण्याहून निसटून वसईला आले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी तैनाती फौजेच्या तहावर सही केली. सहा पलटणी, त्यांच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख, इंग्रजांच्या शत्रुराष्ट्रातील युरोपियन नोकरीत न ठेवण्याची अट आणि इतर सत्तांशी कंपनीच्या संमतीशिवाय बोलणी न करण्याचे वचन त्यात होते. अगदी त्याच हिवाळ्यात जेफरसन, जे आता राष्ट्राध्यक्ष होते, जेम्स मन्रो यांना न्यू ऑर्लिन्सच्या बोलणीसाठी पॅरिसला पाठवण्याची तयारी करत होते. पुढच्या वर्षी १७ डिसेंबरला नागपूरकर भोसल्यांनी देवगावचा आणि ३० डिसेंबरला शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावचा तह केला. त्या दोन तारखांच्या मधोमध, २० डिसेंबर १८०३ रोजी, न्यू ऑर्लिन्समध्ये फ्रान्सचा झेंडा उतरून अमेरिकेचा झेंडा चढला. वसईच्या किल्ल्यात विद्यार्थ्यांना नेत असे तेव्हा मी या तारखा त्यांना मुद्दाम सांगत असे.

लुईझियानाचे प्रकरण मात्र अमेरिकेच्या चातुर्याची कथा म्हणून सांगितले जाते, ते मला अपुरे वाटते. ऑक्टोबर १८०० मध्ये स्पेनने गुप्त तहाने तो प्रदेश नेपोलियनच्या फ्रान्सला परत केला, ही बातमी कळताच जेफरसन अस्वस्थ झाले. दुबळा स्पेन शेजारी असणे परवडत होते, फ्रान्स नव्हे. मार्च १८०१ च्या पहिल्या भाषणात सर्व राष्ट्रांशी मैत्री आणि गुंतवणाऱ्या युती कोणाशीच नाहीत, असे सांगणाऱ्या या राष्ट्राध्यक्षांनी एप्रिल १८०२ मध्ये पॅरिसमधील राजदूत लिव्हिंगस्टन यांना लिहिले की फ्रान्सने न्यू ऑर्लिन्स घेतले, तर आपल्याला ब्रिटिश आरमाराशी लग्नगाठ बांधावी लागेल. अलिप्तता किती सशर्त होती, हे या एका पत्रातून दिसते. मिसिसिपीच्या मुखासाठी ती सोडण्याची तयारी होती.

ती वेळ आली नाही याचे श्रेय जेफरसन यांच्या पत्राला फारच थोडे आहे. ते जाते कॅरिबियन समुद्रातील सेंट डोमिंग, म्हणजे आजच्या हैतीतील गुलामगिरीतून मुक्त झालेल्या लोकांना. नेपोलियनला अमेरिका खंडात साम्राज्य उभारायचे होते. त्याचे मर्म होते सेंट डोमिंगचे उसाचे मळे, आणि लुईझियाना त्या बेटाला धान्य व लाकूड पुरवणारे कोठार होणार होते. त्यासाठी त्याने मेहुणे जनरल लेक्लेर्क यांच्यासोबत मोठी फौज पाठवली. बेटाचे नेते तुसाँ लुव्हर्त्यूर यांना फसवून पकडण्यात आले, पण गुलामगिरी परत येणार हे कळल्यावर बेट पेटून उठले. लढाई आणि पिवळ्या तापाने फ्रेंच फौज संपत गेली आणि नोव्हेंबर १८०२ मध्ये खुद्द लेक्लेर्क तापाने गेले. लुईझियानाचा ताबा घेण्यासाठी निघणारी दुसरी फौज हॉलंडच्या बंदरात बर्फामुळे अडकून पडली. ब्रिटनशी पुन्हा युद्ध समोर दिसत होते आणि बेटाशिवाय कोठाराचा उपयोग नव्हता. एप्रिल १८०३ मध्ये फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री टॅलेराँ यांनी लिव्हिंगस्टन यांना विचारले की सगळे लुईझियाना घ्यायला काय द्याल. अमेरिकेचे वकील केवळ न्यू ऑर्लिन्स आणि फ्लोरिडा मागायला आले होते.

सौदा ३० एप्रिल १८०३ या तारखेचा आहे. किंमत दीड कोटी डॉलर आणि क्षेत्र सुमारे ८ लाख २८ हजार चौरस मैल, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ सातपट. या दीड कोटीची फोड पाहण्यासारखी आहे. १ कोटी साडेबारा लाख डॉलर सहा टक्के व्याजाच्या रोख्यांतून दिले गेले आणि ते रोखे लंडनच्या बेअरिंग व ॲम्स्टरडॅमच्या होप या पेढ्यांनी हाताळले. फ्रान्सशी मे १८०३ पासून पुन्हा लढणाऱ्या ब्रिटनच्या राजधानीतील पेढी फ्रान्सच्या तिजोरीत पैसा पोचवत होती, आणि तिचे प्रमुख फ्रान्सिस बेअरिंग काही वर्षांपूर्वी ईस्ट इंडिया कंपनीचे अध्यक्ष राहिलेले होते. उरलेले साडेसदतीस लाख डॉलर फ्रान्सला मिळालेच नाहीत. अमेरिकी व्यापाऱ्यांची फ्रान्सकडे जी येणी होती, अडकवलेल्या जहाजांची, हिसकावलेल्या आणि न चुकवलेल्या मालाची, ती भागवण्याचे अमेरिकी सरकारने पत्करले. म्हणजे किमतीचा चौथा हिस्सा तटस्थ व्यापाराच्या नुकसानीतूनच वळता झाला. भाचीच्या दोन पानांना जोडणारा याहून ठळक दुवा मला दुसरा माहीत नाही.

हैतीने १ जानेवारी १८०४ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले. अमेरिकेने १८०६ मध्ये त्याच्याशी व्यापार बंद केला आणि त्याला मान्यता दिली ती १८६२ मध्ये. गुलाममालकांच्या देशाला मुक्त गुलामांचे राष्ट्र मान्य करणे जड गेले. या वागण्याची मला आजही चीड येते.

फ्रान्सने विकले तरी काय, हाही प्रश्न विचारायला हवा. त्या विस्तीर्ण प्रदेशात ओसेज, सू, पॉनी आणि इतर अनेक राष्ट्रे राहत होती आणि फ्रान्सचा प्रत्यक्ष अंमल नदीकाठच्या मोजक्या ठाण्यांपलीकडे नव्हता. फ्रान्सने विकला तो इतर युरोपीय सत्तांविरुद्धचा दावा. जमीन मिळवण्यासाठी नंतर शेकडो वेगळे तह, दडपण आणि युद्धे लागली. जेफरसन यांनी २७ फेब्रुवारी १८०३ रोजी इंडियाना प्रांताचे गव्हर्नर हॅरिसन यांना खासगी पत्रात मार्ग सांगून ठेवला होता: सरकारी व्यापारकोठ्या वाढवाव्यात, जमातींतील वजनदार माणसे कर्जात पडलेली बघायला आपल्याला आवडेल, कारण कर्ज फेडण्यापलीकडे गेले की ते जमीन तोडून द्यायला तयार होतात. सावकारी पाशाने जमीन कशी जाते हे दख्खनच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

समुद्रावरची तटस्थता मात्र तेवढी सुखाची राहिली नाही. १७९० मध्ये सुमारे दोन कोटी डॉलर असलेली निर्यात १८०७ मध्ये जवळपास १० कोटी ८० लाखांवर गेली होती, त्यात वेस्ट इंडीजचा माल अमेरिकी बंदरातून पुढे युरोपला नेण्याचा वाटा मोठा होता. ब्रिटन आणि नेपोलियन या दोघांनी एकमेकांच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली तेव्हा हा व्यापार दोन्हीकडून चिरडला गेला आणि ब्रिटिश आरमार अमेरिकी जहाजांवरून खलाशी जबरीने उचलून नेऊ लागले. जेफरसन यांनी डिसेंबर १८०७ मध्ये स्वतःचीच निर्यात बंद केली. ती पुढच्या वर्षी दोन कोटी वीस लाखांवर आली, ईशान्येकडील न्यू इंग्लंडची बंदरे ओस पडली आणि लंडन काही हलले नाही. १८०९ मध्ये ती बंदी उठवावी लागली.

जून १८१२ मध्ये अखेर ब्रिटनशी युद्ध जाहीर झाले. कारण खलाशांचे आणि जहाजांचे सांगितले गेले, पण युद्धाची मागणी करणारे पुढारी बहुतांश दक्षिणेचे आणि पश्चिमेचे होते, आणि जहाजांचे मालक असलेल्या न्यू इंग्लंडनेच विरोध केला. पश्चिमेला हवा होता शॉनी नेते टेकुमसे यांच्या संघाचा बीमोड. कोणत्याही एका जमातीला सर्वांच्या जमिनीचा तुकडा विकण्याचा अधिकार नाही, ही टेकुमसे यांची भूमिका तहांच्या साऱ्या पद्धतीलाच आव्हान देत होती. ऑक्टोबर १८१३ मध्ये ते लढताना मारले गेले. दक्षिणेत जनरल अँड्र्यू जॅक्सन यांनी मूळ रहिवासी असलेल्या क्रीक लोकांकडून ऑगस्ट १८१४ मध्ये दोन कोटींहून अधिक एकर जमीन घेतली आणि त्यात जॅक्सनच्या बाजूने लढलेल्या क्रीक लोकांचीही जमीन होती. गेंट येथील वाटाघाटींत ब्रिटिशांनी आरंभी मूळ रहिवाशांसाठी मधला स्वतंत्र प्रदेश मागितला आणि नंतर ती मागणी सोडून दिली. डिसेंबर १८१४ च्या तहात खलाशांचा उल्लेखही नाही. दोन्ही बाजूंनी जिथे होते तिथे परतायचे ठरले आणि तरीही मिसिसिपीच्या पूर्वेकडील मूळ राष्ट्रांना यापुढे युरोपातून कोणी पाठीराखा उरला नाही.

फ्लोरिडाबद्दल थोडक्यात सांगते. १७९४ च्या कायद्याने खासगी मोहिमांना बंदी होती, पण १८१० मध्ये बॅटन रूजच्या वसाहतवाल्यांनी स्पेनविरुद्ध बंड केले तेव्हा राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांनी महिना-सव्वा महिन्यात तो प्रदेश ताब्यात घेण्याचा आदेश काढला. नेपोलियनशी झुंजणाऱ्या स्पेनला ते रोखता आले नाही. उरलेला फ्लोरिडा जॅक्सनच्या १८१८ च्या घुसखोरीनंतर २२ फेब्रुवारी १८१९ च्या तहाने आला.

परराष्ट्र सचिव जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी तो तह घडवला आणि मला वाटते, हे दोन्ही धागे एका हातात कसे असतात ते त्यांच्याइतके स्पष्ट कोणाला कळलेले नव्हते. ४ जुलै १८२१ च्या भाषणात त्यांनी सांगितले की अमेरिका राक्षसांच्या शोधात परदेशी जात नाही. दोन वर्षांनी ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री कॅनिंग यांनी स्पेनच्या माजी वसाहतींना युरोपीय सत्तांनी हात लावू नये अशी संयुक्त घोषणा करण्याचा प्रस्ताव ठेवला. जेफरसन आणि मॅडिसन या माजी राष्ट्राध्यक्षांनी आता राष्ट्राध्यक्ष असलेल्या मन्रो यांना तो स्वीकारण्याचा सल्ला दिला. ॲडम्स यांनी विरोध केला. ब्रिटिश युद्धनौकेमागे ओढली जाणारी होडी होण्यापेक्षा आपण स्वतंत्रपणे बोलावे, हे त्यांचे वाक्य प्रसिद्ध आहे. त्यांचे दुसरे कारण त्याहून महत्त्वाचे होते. कॅनिंग यांच्या मसुद्यात त्या प्रदेशांचा कोणताही भाग आपण स्वतः घेणार नाही, अशी कबुली दोन्ही देशांनी द्यायची होती. नोव्हेंबर १८२३ मधील मंत्रिमंडळाच्या बैठकीत ॲडम्स यांनी दाखवून दिले की उद्या टेक्सास किंवा क्यूबाचे लोक संघराज्यात येऊ म्हणाले, तर या कबुलीने आपले हात बांधले जातील. २ डिसेंबर १८२३ रोजी मन्रो यांनी काँग्रेसपुढे मांडलेल्या संदेशात युरोपने अमेरिका खंडात नव्या वसाहती करू नयेत आणि अमेरिका युरोपच्या युद्धांत पडणार नाही, या दोन्ही गोष्टी आल्या. स्वतः भूमी न घेण्याचे वचन त्यात आले नाही, आणि १८४५ मध्ये टेक्सास संघराज्यात दाखल झाले.